उत्तराची वाट किती वेळ पाहायची?

आपण वर्गात प्रश्न विचारतो आणि उत्तराची वाट पाहतो. किती वेळ? अमेरिकेतील विज्ञान-शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गातील संवाद ध्वनिमुद्रित करून हा वेळ मोजला. तो सरासरी सुमारे एक सेकंद निघाला! तेवढ्यात मुलाने तोंड उघडले नाही, तर शिक्षक प्रश्न पुन्हा विचारत, दुसऱ्या मुलाकडे वळत किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकत. हाच वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवला तेव्हा उत्तरे लांबली आणि गप्प राहणाऱ्या मुलांची संख्या घटली.

गप्प बसलेल्या मुलाला उत्तर येत नसते, की ते अजून विचार करत असते? शांततेवरून हे ओळखता येत नाही. काही वेळ थांबायचे आणि मग काहीतरी ठरवायचे, एवढेच आपल्या हाती असते.

संगणकांच्या जाळ्यापुढेही, म्हणजे नेटवर्कपुढेही, नेमका हाच प्रश्न अर्ध्या शतकाहून अधिक काळ उभा आहे. एका संगणकाने दुसऱ्याला संदेश पाठवला आणि उत्तर आले नाही, तर पलीकडचा संगणक बंद पडला, तार तुटली, संदेश वाटेत हरवला की नुसता उशीर होत आहे? थांबण्याच्या या मर्यादेला टाइमआउट म्हणतात. आपण तिला ‘मुदत’ म्हणू. मुदत म्हणजे एक साधा आकडा. पण तो चुकला तर काय होते, हे जगाला एकदा चांगलेच अनुभवावे लागले आहे. त्याची ही हकिगत.

पोच आली नाही तर?

टपालाने पोचपावती मागून पत्र पाठवले की ती पावती परत येते. ती आली नाही तर आपण काही दिवस थांबतो आणि मग दुसरे पत्र टाकतो. संगणकांच्या जाळ्यांनी हीच पद्धत उचलली. माहितीचे लहान लहान तुकडे करायचे (यांना पॅकेट म्हणतात, आपण ‘पुडके’ म्हणू), प्रत्येक पुडके पाठवायचे आणि पलीकडून पोच आली की ते पोचले असे समजायचे. मुदतीत पोच आली नाही, तर तेच पुडके पुन्हा पाठवायचे.

हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये सुरू केलेले ‘अलोहानेट’ याचे सुरुवातीचे उदाहरण आहे. दूरदूरच्या ठिकाणांना ते रेडिओलहरींनी मुख्य संगणकाशी जोडत असे. लहरींची वाट सर्वांना मिळून एकच होती. दोघांनी एकाच क्षणी पुडके पाठवले की दोन्ही बिघडत आणि पोच कोणालाच मिळत नसे. दोघेही सारखाच वेळ थांबून पुन्हा पाठवू लागले, तर ती पुन्हा एकमेकांवर आदळणार. म्हणून प्रत्येकाने यदृच्छेने ठरलेला वेगवेगळा वेळ थांबायचे, अशी युक्ती योजली होती. म्हणजे किती थांबायचे हा प्रश्न जाळ्यांच्या अगदी बालपणापासूनचा आहे.

त्याच सुमारास अमेरिकेत ‘अर्पानेट’ हे जाळे वाढत होते. १९६९ मध्ये चार ठिकाणांपासून त्याची सुरुवात झाली. प्रत्येक ठिकाणी पुडकी इकडून तिकडे पोचवणारा एक छोटा संगणक असे. केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथील बीबीएन या कंपनीत जाळ्याचे नियंत्रण केंद्र होते. हे छोटे संगणक ठरावीक वेळाने ‘मी ठीक आहे’ असा अहवाल तिकडे पाठवत. अहवाल येईनासा झाला, की तिथे काहीतरी बिघडले असे केंद्र समजत असे. आज बँकेत, रेल्वेत किंवा विद्यापीठात जी देखरेखीची सॉफ्टवेअरे रात्रंदिवस चालतात, त्यांचे मूळ येथे आहे. गप्प राहिलेला संगणक हा आजारी संगणक, हा त्यांचा आधार.

सरासरीची दुप्पट

१९७४ मध्ये विंट सर्फ आणि बॉब कान यांनी वेगवेगळी जाळी एकमेकांना जोडण्याची पद्धत मांडली. तिच्यातून टीसीपी हा नियमसंच घडला. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेट या नव्या नियमांवर आले. आजचे इंटरनेट याच पायावर उभे आहे.

जाळ्यांचे जाळे होताच मुदतीचा प्रश्न अवघड झाला. शेजारच्या इमारतीतून पोच काही सहस्रांश सेकंदांत येते. पण मध्ये भूस्थिर उपग्रह असेल तर? तो सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. पुडके वर जाऊन खाली येणार आणि पोचही तशीच परतणार. म्हणजे एकूण प्रवास सुमारे १,४४,००० किलोमीटर. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३,००,००० किलोमीटर, म्हणून या फेरीला जवळजवळ अर्धा सेकंद लागणारच. दोन्ही वाटांना एकच मुदत लावून कसे चालेल?

जॉन पोस्टेल यांनी संपादित केलेल्या सप्टेंबर १९८१ च्या टीसीपीच्या नियमपत्रात यावर सोपा तोडगा होता. प्रत्येक पुडक्याच्या जाण्यायेण्याचा वेळ मोजायचा. त्याची चालती सरासरी काढायची, म्हणजे नव्या मोजमापाला थोडे आणि जुन्या सरासरीला जास्त वजन द्यायचे. या सरासरीची १.३ ते २ पट ही मुदत. ती एक सेकंदाहून कमी नसावी आणि एक मिनिटाहून जास्त नसावी, अशा मर्यादाही उदाहरणादाखल दिल्या होत्या.

मुदत ठरवून टाकायची नाही, ती मोजून ठरवायची, हा विचार फार मोलाचा होता. मात्र त्यात एक उणीव होती. ती कळायला पाच वर्षे लागली.

चारशे यार्ड आणि सहा मिनिटे

धोक्याची सूचना आधी मिळाली होती. फोर्ड एरोस्पेस कंपनीत काम करणाऱ्या जॉन नेगल यांनी जानेवारी १९८४ मधील एका टिपणात लिहिले होते, की जाळ्यावर भार एकदम वाढला तर फेरीचा वेळ झपाट्याने वाढेल. संगणकांची मुदत तेवढ्या झपाट्याने वाढणार नाही. मग वाटेत सुखरूप असलेली पुडकी हरवली असे समजून ते तीच पुन्हा पाठवतील. एकेका पुडक्याच्या अनेक प्रती जाळ्यात फिरू लागतील आणि कोंडी आणखी वाढेल. या अवस्थेला त्यांनी कोंडीने होणारी कोसळण असे नाव दिले.

ऑक्टोबर १९८६ मध्ये तसेच घडले. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली येथील विद्यापीठ यांच्यामध्ये अंतर अवघे ४०० यार्डांचे. त्यांच्यातील माहितीचा वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर आला. याचा अर्थ काय होतो ते पाहू. दोन हजार अक्षरांचे एक पान म्हणजे, दर अक्षराला ८ बिट धरून, १६,००० बिट. एरवी ते अर्ध्या सेकंदात जायचे. आता त्याला ४०० सेकंद लागणार, म्हणजे ६ मिनिटे ४० सेकंद. एवढ्या वेळात ते पान हातात घेऊन चालत नेऊन दिले असते तरी चालले असते!

विशेष म्हणजे काहीही मोडले नव्हते. तारा शाबूत होत्या आणि संगणक चालू होते. प्रत्येक संगणक आपल्यापुरता नियमानुसारच वागत होता. पण उत्तराला उशीर झाला की सारेच घाईने पुन्हा विचारत होते आणि त्या पुन्हा विचारण्यानेच उशीर वाढत होता.

प्रयोगशाळेतील व्हॅन जेकबसन आणि विद्यापीठातील मायकेल कॅरल्स यांनी याचा छडा लावला. जेकबसन यांचा लेख ऑगस्ट १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. दोष दोन प्रकारचे होते. एक, सुरुवातीलाच हवी तेवढी पुडकी एकदम सोडली जात होती. दुसरा दोष मुदतीच्या हिशोबात होता. आपण दुसऱ्याकडे नीट पाहू.

समजा, दोन वाटांवर फेरीचे वेळ सहस्रांश सेकंदांत असे आहेत:

पहिली वाट: ९८, १००, १०२, ९९, १०१
दुसरी वाट: ४०, ६०, १००, ८०, २२०

दोन्हींची सरासरी १०० आहे. सरासरीची दुप्पट हा नियम लावला तर दोन्हींची मुदत २०० येते. पहिल्या वाटेवर ही मुदत अकारण मोठी आहे. तेथे ११० पर्यंत पोच आली नाही तर पुडके बहुधा हरवलेच. दुसऱ्या वाटेवर मात्र २२० ला येणारी पोच आपण ‘हरवली’ म्हणून निकालात काढली आणि एक अनावश्यक पुडके जाळ्यात सोडले. नुसती सरासरी पुरत नाही, वेळ सरासरीपासून किती मागेपुढे होतो तेही पाहायला हवे. गणिताच्या तासाला आपण ज्याला सरासरी विचलन म्हणतो, तेच हे. पहिल्या वाटेचे विचलन १.२, दुसरीचे ४८. आज रूढ असलेला नियम म्हणतो, सरासरीत विचलनाची चौपट मिळवा. पहिली मुदत सुमारे १०५ येते आणि दुसरी २९२. २२० ला येणारी पोच आता मुदतीत बसते. (प्रत्यक्ष नियमात मुदतीला एक किमान मर्यादाही असते. ती येथे सोडून दिली आहे.)

जाळ्यावरचा भार वाढतो तेव्हा सरासरी वाढतेच, पण विचलन तिच्याहून जोरात वाढते. सरासरीच्या दुपटीचा नियम फार तर ३० टक्के भारापर्यंत टिकतो, असे जेकबसन यांनी दाखवून दिले.

दुसरी दुरुस्ती अशी, की पुन्हा पाठवूनही पोच आली नाही तर मुदत दरवेळी दुप्पट करायची: १ सेकंद, मग २, ४, ८. उत्तर येत नाही म्हणून घाई वाढवायची नाही, उलट आणखी सबुरीने घ्यायचे. आपल्या सहज प्रवृत्तीच्या हे अगदी उलट आहे.

तिसरी अडचण फिल कार्न आणि क्रेग पार्ट्रिज यांनी १९८७ मध्ये सोडवली होती. आपण एकच पत्र दोनदा पाठवले आणि उत्तर एकच आले, तर ते पहिल्याचे की दुसऱ्याचे? दुसऱ्याचे समजून वेळ मोजला तर तो खोटाच कमी भरेल आणि पुढची मुदत आणखी चुकेल. त्यांचा उपाय सरळ होता. पुन्हा पाठवलेल्या पुडक्यावरून वेळ मोजायचाच नाही. ज्या मोजमापाचा अर्थ संदिग्ध आहे ते वापरू नये, हा धडा प्रयोगशाळेत काम करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावा असा आहे.

देखरेख करणाऱ्यांची घाई

याच काळात जाळ्याची नाडी पाहण्याची साधने तयार होत होती. अमेरिकेच्या लष्कराच्या बॅलिस्टिक संशोधन प्रयोगशाळेतील माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये ‘पिंग’ हा छोटा प्रोग्राम लिहिला. पाणबुडी शोधण्यासाठी सोनार यंत्र पाण्यात ध्वनी सोडते आणि प्रतिध्वनी ऐकते. त्या ध्वनीवरून हे नाव आले. पिंग पलीकडच्या संगणकाला एक हाक देतो आणि उत्तर किती वेळात आले ते सांगतो. १९८८ मध्ये यंत्रांना त्यांची स्थिती विचारण्यासाठी एसएनएमपी हा नियमसंच आला. पुढे टोबियास ओटिकर यांनी १९९४ मध्ये रचायला घेतलेले एमआरटीजी आणि १९९९ मध्ये सुरू होऊन २००२ पासून नागिऑस या नावाने ओळखले जाणारे सॉफ्टवेअर प्रसिद्ध झाले. शेकडो यंत्रांना आळीपाळीने ‘ठीक आहेस ना?’ असे विचारायचे आणि उत्तर आले नाही तर माणसाला उठवायचे, हे अशा सॉफ्टवेअरचे काम.

पण मुदतीचा प्रश्न येथे पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. टीसीपीने मुदत मोजून ठरवायला शिकून घेतले होते. देखरेखीच्या सॉफ्टवेअरांत मात्र ती बहुधा माणसाने लिहिलेला एक ठाम आकडा असते: कोठे १ सेकंद, कोठे ३, कोठे १०. हा आकडा चुकला की जे घोटाळे होतात त्यांतले तीन पाहू.

पहिला घोटाळा गुणाकाराचा. एसएनएमपीने प्रश्न विचारणाऱ्या एका प्रचलित साधनात मुदत १ सेकंद आणि उत्तर न आल्यास आणखी ५ प्रयत्न, अशी मूळ रचना असते. म्हणजे बंद यंत्रामागे ६ सेकंद जातात. हे किरकोळ वाटते. पण समजा, एक मुख्य जोड तुटला आणि त्याच्यापलीकडची ६० यंत्रे एकदम दिसेनाशी झाली. सॉफ्टवेअर एकेकाला क्रमाने विचारत असेल तर ३६० सेकंद, म्हणजे ६ मिनिटे, नुसती वाट पाहण्यात जातील. दर ५ मिनिटांनी सर्वांची खबर घ्यायची ठरली असेल तर फेरी वेळेत पुरीच होणार नाही. सुस्थितीतील यंत्रांची खबरही मग उशिरा येईल. खरा दोष एका ठिकाणी आणि बोंब सगळीकडे!

दुसरा घोटाळा एकात एक असलेल्या मुदतींचा. दूरच्या संगणकावर तपासणी चालवणाऱ्या एका नेहमीच्या व्यवस्थेत विचारणारा १० सेकंद थांबतो, पण पलीकडे तपासणीला ६० सेकंदांची मुभा असते. तपासणीला २० सेकंद लागली तर विचारणारा निम्म्यातच ‘उत्तर नाही’ असे लिहून मोकळा होतो. पलीकडे ते काम चालूच राहते. थोड्या वेळाने तो पुन्हा विचारतो आणि त्याच कामाची दुसरी प्रत सुरू होते. आधीच दमलेल्या संगणकावर ओझे वाढत जाते. १९८६ ची कोंडी ती हीच, फक्त लहान आकाराची. म्हणून आतली मुदत नेहमी बाहेरच्या मुदतीपेक्षा थोडी कमी ठेवावी. म्हणजे आतला स्वतःच सांगू शकतो, की ‘माझे काम अमुक ठिकाणी अडले’.

तिसरा घोटाळा गोल आकड्यांचा. यंत्र सुस्थितीत आहे, पण प्रत्येक तपासणीला नेमकी ५ किंवा १० सेकंद जास्त लागतात. निसर्गातला उशीर असा नेमका नसतो, तो कमीजास्त होतो. उशीर गोल आकड्यात येऊ लागला की समजावे, कोणाची तरी मुदत संपत आहे. पुष्कळदा संगणकाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणारा सर्व्हर बंद असतो. अनेक प्रणालींमध्ये त्याच्यासाठी थांबण्याची मूळ मुदत ५ सेकंद असते. ती संपल्यावर दुसऱ्याला विचारले जाते आणि काम पार पडते. येथे मुदत वाढवली तर बोंब थांबेल, पण आजार तसाच राहील.

म्हणून ‘टाइमआउट’ असा संदेश दिसला की आकडा वाढवण्याआधी वेळ मोजावा. गर्दीच्या आणि निवांत अशा दोन्ही वेळी मोजावा. सरासरी आणि विचलन काढावे आणि मगच मुदत ठरवावी. एकदा उत्तर आले नाही म्हणून लगेच हाकाटी करू नये, दोनतीनदा विचारून खात्री करावी. जाणत्या सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय असते. वाटेतलाच जोड तुटला असेल तर पलीकडच्या यंत्रांना ‘बंद’ न म्हणता ‘पोचता येत नाही’ असे वेगळे नोंदवण्याचीही सोय असते. मुदत फार लहान ठेवली तर ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीतल्यासारखे होते आणि खऱ्या धोक्याच्या वेळी कोणी उठत नाही. फार मोठी ठेवली तर लांडगा मेंढ्या नेईपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही.

अचूक मुदत असते का?

पुरेसे मोजले तर कधीच न चुकणारी मुदत सापडेल का? मायकेल फिशर, नॅन्सी लिंच आणि मायकेल पॅटर्सन यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सिद्धतेने याबाबत आपला भ्रम दूर केला. संदेशाला लागणाऱ्या वेळाला कमाल मर्यादाच नसेल, तर एक संगणक जरी बंद पडण्याची शक्यता असली तरी बाकीचे हमखास एकमताला येतीलच अशी कोणतीही ठरावीक रीत असू शकत नाही. याच्या मुळाशी आपला जुनाच पेच आहे: संथ आणि मृत यांत फरक करता येत नाही. पुढे तुषार चंद्रा आणि सॅम तुएग यांनी १९९६ मध्ये दाखवले, की पारख अधूनमधून चुकत असली तरी काही अटी पाळल्यास तिच्यावर विसंबून काम करता येते. २००४ मध्ये जपानमधील नाओहिरो हायाशिबारा आणि सहकाऱ्यांनी ‘जिवंत की मृत’ असा निवाडा देण्याऐवजी संशयाची पातळी सांगणारी पद्धत मांडली. जितकी शांतता लांबते तितका संशय वाढतो. किती संशयाला काय करायचे, ते ज्याचे त्याने ठरवायचे.

वर्गात करून पाहा

शाळेत संगणक असेल तर पिंग चालवून एकाच ठिकाणाचे वीस फेरीवेळ टिपावेत. सरासरी आणि सरासरी विचलन काढून मुदत ठरवावी. तीच मोजणी दुसऱ्या दिवशी गर्दीच्या वेळी करून किती उत्तरे त्या मुदतीबाहेर जातात ते पाहावे. संगणक नसेल तर चिठ्ठ्यांचा खेळ खेळता येईल. चार मुलांनी मैदानापलीकडून उत्तराच्या चिठ्ठ्या आणायच्या, ठरावीक मुदतीत चिठ्ठी आली नाही की लगेच दुसरी धाडायची. मुदत कमी करत गेलो की त्या चार मुलांची कशी धांदल उडते आणि उत्तरे कशी उशिरा येऊ लागतात, हे मुलांना डोळ्यांनी दिसेल.

शेवटी पुन्हा आपल्या वर्गाकडे येऊ. रो यांच्या मोजणीत आणखी एक गोष्ट आढळली होती. जी मुले कच्ची समजली जात, त्यांना हुशार मुलांपेक्षाही कमी वेळ दिला जात होता. ज्याला जास्त थांबण्याची गरज, त्याच्याबाबत आपली मुदत सर्वांत आधी संपत होती. संगणकांना आपण ही चूक १९८८ नंतर सुधारायला शिकवले: ज्याच्या उत्तराचा वेळ कमीजास्त होतो, त्याच्यासाठी जास्त थांबा. आपल्या हातातल्या घड्याळात सेकंदकाटा असेल, तर उद्याच्या तासाला आपणही आपली मुदत एकदा मोजून पाहू.